वाघ आला आणि उपमेय गेलं

सरळ सांगतो, अलंकार हा विषय आपल्याकडे ज्या पद्धतीने पाठ करून घेतात ना, त्या पद्धतीने तो कुणालाच येत नाही, फक्त त्याचे मार्क येतात. सम, समान, सारखा, परी, गत, वाणी दिसलं की उपमा. जणू, जणूकाही, गमे, वाटे, भासे दिसलं की उत्प्रेक्षा. हून-पेक्षा दिसलं की व्यतिरेक. नव्हे, कसलं, कशाचं दिसलं की अपन्हुती. झालं, पुढचा प्रश्न. माझी भाची पुण्यात अभ्यासिकेत बसून सरळसेवेची तयारी करते, तलाठी म्हणा ग्रामसेवक म्हणा जी जागा निघेल ती, आणि तिच्या वहीत हा सगळा तक्ता लाल-निळ्या पेनाने इतका देखणा काढलाय की फ्रेम करून लावावा. तर मध्यंतरी तिचा फोन आला, "मामा, तुम्हाला कवितांचं कळतं ना, मग सांगा, 'यासम हा' मध्ये सम आहे की नाही? मग ती उपमा का नाही?"

प्रश्न एकदम बरोबर आहे. मी काही मराठीचा मास्तर नाही, आयुष्य हिशेबाच्या वह्यांत गेलंय, पण कविता वाचायचा नाद जुना आहे आणि घरात कुणाला मराठी अडलं की फोन मलाच येतो. अनन्वय अलंकाराची आपल्या व्याकरणाच्या पुस्तकांत ठरलेली दोन उदाहरणं असतात, "झाले बहु, होतिल बहु, आहेतहि बहु, परंतु यासम हा" आणि "आहे ताजमहाल एक जगती, तो तोच त्याच्यापरी". आता बघा, पहिल्यात 'सम' आहे आणि दुसऱ्यात 'परी' आहे. म्हणजे तक्ता पाठ करून बसलेला पोरगा दोन्हीकडे छातीठोकपणे उपमा मारून मोकळा होणार. पेपर काढणाऱ्यालाही हे माहिती असतं, म्हणून तर तो हेच उदाहरण टाकतो.

मग मी तिला म्हटलं की तो तक्ता जरा बाजूला ठेव आणि फक्त दोन शब्द डोक्यात ठेव, उपमेय आणि उपमान. ज्याच्याबद्दल आपण बोलतोय ते उपमेय. ज्याच्याशी त्याला जोडतोय ते उपमान. बस. अलंकार कुठला हे ठरवायचं असेल तर शब्द शोधत बसायचं नाही, त्या दोघांचं पुढे काय झालं ते बघायचं. दोघं शेजारी उभे आहेत का, एकानं दुसऱ्याला ढकललं का, एक दुसऱ्याला गिळून बसलाय का.

आणि ह्याला कविता लागतच नाही, आपल्या ऑफिसात दिवसभर हेच चालतं. आमचे साहेब वाघासारखे आहेत, असं कुणी म्हणलं की झाली उपमा, साहेब वेगळे वाघ वेगळा, मध्ये 'सारखे' नावाची भिंत शाबूत. साहेब केबिनमधून बाहेर पडले, जणू वाघच सुटला, ही उत्प्रेक्षा, म्हणजे तो वाघ नाही हे बोलणाऱ्याला पक्कं ठाऊक आहे तरी क्षणभर तशी कल्पना करून बघितली. आमचे साहेब म्हणजे वाघ, हे रूपक, भिंत पडली, दोघं एक. साहेब कसले, वाघ आहे तो वाघ! ही अपन्हुती, इथे तर उपमेयालाच नाकारलं, साहेब नाहीतच म्हणे. वाघ परवडला पण साहेब नको, हा व्यतिरेक, उपमान हरलं. आणि आमच्या साहेबांसारखे साहेब तेच बाबा, हा अनन्वय, कारण जगातली सगळी उपमानं धुंडाळून झाली, एकही पुरं पडलं नाही, म्हणून उपमेयालाच उपमान करून टाकलं. आता 'यासम हा' परत वाचा. सम आहे, पण समच्या दोन्ही बाजूंना माणूस एकच आहे. म्हणून ती उपमा नाही.

ह्यात एक पायरी मुद्दाम मागे ठेवली, कारण मला ती सगळ्यात भारी वाटते. साहेबांची गाडी गेटमधून आत येते आणि खिडकीजवळचा कुणीतरी हळूच म्हणतो, "वाघ आला रे." सगळे मोबाईल खाली, सगळे फायलीत. आता ह्या वाक्यात साहेब कुठेत? नाहीतच. उपमेय पार गायब, नुसतं उपमान उरलं आणि तरी हॉलमधल्या प्रत्येकाला कळलं. जुन्या शास्त्रात ह्याला रूपकातिशयोक्ती म्हणतात, उपमानाने उपमेय गिळलं अशी कल्पना आहे. आपल्याला शाळेत अतिशयोक्ती म्हटलं की फक्त ते दमडीचं तेल आठवतं, सासूबाईंचं न्हाणं झालं, मामंजींची दाढी झाली, भावोजींची शेंडी झाली आणि उरलेलं तेल सांडून त्याच्या ओघळात उंट वाहून गेला. तीही अतिशयोक्तीच, आणि फारच गोड आहे, पण हा गिळण्याचा प्रकार शाळेत कुणी सांगतच नाही.

आणि ह्याचं मराठी इतिहासातलं उदाहरण तर अंगावर येतं. पानिपत झालं जानेवारी १७६१ मध्ये. ती बातमी नानासाहेब पेशव्यांपर्यंत पोचली ती सावकारी पत्रातून, आणि त्यात लिहिलेलं काय तर दोन मोत्ये गळाली, सत्तावीस मोहरा हरपल्या आणि रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. दोन मोत्ये म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ. मोहरा म्हणजे मोठे सरदार. खुर्दा म्हणजे बाकी फौज. एकाही माणसाचं नाव नाही, सगळी उपमेयं गिळलेली, आणि पत्र कुणाच्या हाती लागलं तरी हिशेबाचा कागद वाटावा असं. मी ह्याच धंद्यातला असल्यामुळे असेल पण मला त्यातला उतरता क्रम फार लागतो, मोती, मोहर, रुपया, खुर्दा. साधा सैनिक शेवटी खुर्दाच. कुठला कवी लिहायला बसलेला नव्हता तिथे, पण उपमान निवडताना समाजाची आख्खी उतरंड आपोआप कागदावर उतरली.

असो, भाचीला परत फोन केला आणि म्हटलं आता एक काम कर, पुस्तकातली सुटी सुटी उदाहरणं सोड, एकच कविता घे आणि तीच पूर्ण वाच. कारण प्रॉब्लेम तिथेच आहे, पुस्तकात प्रत्येक अलंकाराला एक वेगळी ओळ दिलेली असते, ती ओळ कुठल्या कवितेतली, आधी काय होतं, नंतर काय आलं, काही पत्ता नाही. ओळ पाठ होते आणि अलंकार त्या ओळीला कायमचा चिकटतो. नवीन ओळ आली की पोरं गार. मी तिला जी कविता दिली ती आमच्याकडचीच, बहिणाबाईंची मनावरची. आम्ही जळगावकडचे, त्यामुळे जरा पक्षपात आहे, मान्य, पण ह्या एका कवितेत अर्धा सिलॅबस बसलाय हे मी छातीवर हात ठेवून सांगतो.

बहिणाबाई चौधरी, माहेर असोद्याचं, जन्म १८८० चा, १९५१ ला गेल्या, लिहिता-वाचता येत नव्हतं, जात्यावर आणि शेतात गाणी आपोआप यायची आणि मुलाने, म्हणजे कवी सोपानदेवांनी, नि नातेवाइकांनी ती टिपून ठेवली. पुस्तक त्या गेल्यावर १९५२ ला आलं. आचार्य अत्र्यांनी ती गाणी बघून हे तर बावनकशी सोनं आहे असं म्हटलं होतं, म्हणजे बघा, तारीफ करायलासुद्धा अत्र्यांना रूपकच लागलं. ज्या बाईने उपमेय-उपमान हे शब्द आयुष्यात ऐकले नसतील तिच्या ओळींवर आज पोरं अलंकार ओळखा म्हणून प्रश्न सोडवतात, आणि आमच्याकडच्या विद्यापीठाला तिचं नाव आहे.

आता कविता. "मन वढाय वढाय, उभ्या पिकातलं ढोर, किती हाकला हाकला, फिरी येतं पिकांवर." वढाय म्हणजे ओढाळ. आमच्याकडे ळ चा य होतो, आभाळचं आभाय, चपळचं चपय. भाचीला हे माहिती होतं, पण तिच्या रूममेटला वढाय म्हणजे काय ते कळेना, आणि ढोर पिकात शिरलं की नक्की काय होतं हेही कळेना, कारण ती शहरात वाढलेली. तर सांगतो. ज्वारी भरलेली असते, बांधावर ढोरं चरत असतात, त्यातल्या एकाला कणसाची चव लागते. एकदा लागली की संपलं. तुम्ही ओरडता, ढेकूळ मारता, ते मान वळवून जातं, तुम्ही पाठ फिरवली की परत आत. मारकं नसतं ते, पळूनही जात नाही, फक्त परत येतं. असल्या ढोराच्या गळ्यात लाकडाचा ओंडका बांधतात, लोढणं म्हणतात त्याला, म्हणजे चालताना पायात येतं आणि पळता येत नाही.

मनात ज्यांना कुठलाही एकच विचार रात्रभर परत परत येतो त्यांना विचारा ही ओळ किती अचूक आहे.

पण अलंकार कुठला? सारखं नाही, जणू नाही, जसं नाही. मन = ढोर. रूपक. आणि बघा, रूपक आहे म्हणूनच पुढच्या ओळीत ती ढोराच्याच जगात राहू शकते, हाकला, फिरी येतं, पिकांवर. रूपकात तुम्हाला उपमानाचं आख्खं आयुष्य हातात मिळतं, त्याचा मालक, त्याचं शेत, त्याची खोड, सगळं. ह्याउलट त्याच कवितेत पुढे म्हणतात, "मन एवढं एवढं, जसा खाकसचा दाना." खाकस म्हणजे खसखस. इथे जसा आलंय, उपमा, आणि चारही भाग नीट मोजून घेता येतात. उपमेय मन, उपमान खाकसचा दाणा, साधारण धर्म म्हणजे दोघांतला समान गुण तो एवढंपणा, आणि साम्यवाचक शब्द जसा. शास्त्रात ह्याला पूर्णोपमा म्हणतात, आणि ती सहा शब्दांत बसली. पण खसखशीच्या दाण्याबद्दल पुढे काही नाही, तो कुठल्या शेतातला, कुणी दळला, काही नाही. फक्त लहानपण हवं होतं, ते घेतलं आणि दाणा सोडून दिला. मला वाटतं उपमा आणि रूपक ह्यातला खरा फरक हा आहे, 'जसा' शब्द आहे की नाही हा नंतरचा. एकच गुण उचलायचा असेल तर उपमा पुरते. आख्खा स्वभाव उचलायचा असेल तर रूपक लागतं.

त्याच कडव्यात लगेच "मन केवढं केवढं, आभायात बी मायेना." आत्ता खसखस होतं, दुसऱ्या क्षणाला आभाळात मावत नाही. अतिशयोक्ती. आणि दोन्ही ओळी एकत्र वाचल्या तर विरोधाभासही होतो, तीच वस्तू सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठी. इथे तुकोबा आठवतातच, "अणुरणीया थोकडा, तुका आकाशाएवढा." तीनशे वर्षांचं अंतर, एक दुकान सांभाळणारा एक शेतात राबणारी, आणि झेप तीच, फक्त तुकोबांनी अणू घेतला आणि बहिणाबाईंनी डब्यातली खसखस.

मग "मन मोकाट मोकाट, त्याले ठायी ठायी वाटा, जशा वाऱ्यानं चालल्या पान्यावऱ्हल्या रे लाटा", परत उपमा, पण ह्या वेळी उपमान म्हणजे एक वस्तू नसून आख्खं हलतं दृश्य आहे. "मन पाखरू पाखरू", रूपक. "तठे व्हयीसनी ईज, आलं आलं धरतीवर", मन तिकडे वीज होऊन आलं, परत रूपकच.

आणि मग येतं ते माझं सगळ्यात आवडतं. "मन जह्यरी जह्यरी, याचं न्यारं रे तंतर, आरे, इचू साप बरा, त्याले उतारे मंतर." मन विषारी आहे, विंचू नि साप परवडले, त्यांचं विष मंत्राने उतरतं तरी. भाचीने विचारलं की मामा ह्यात हून-पेक्षा कुठंय? नाहीये. एकही नाही. तरी हा शंभर टक्के व्यतिरेक आहे, कारण विषारीपणाच्या स्पर्धेत उपमेय जिंकलं आणि उपमान हरलं. शिवाय का हरलं त्याचं कारणही दिलंय, उतारा आहे म्हणून. शाळेतलं "अमृताहूनि गोड नाम तुझे देवा" हेही व्यतिरेकच, नामदेवांचं, त्यात हून आहे म्हणून सगळ्यांना पटकन कळतं. पण ज्ञानोबा माऊली मराठीबद्दल म्हणतात, "परि अमृतातेंही पैजा जिंके", तिथे हून नाही, सरळ पैज लावलीय आणि अमृत हरलंय. व्यतिरेकात कुणीतरी हरलं पाहिजे, एवढंच लक्षात ठेवायचं, प्रत्यय कुठला का असेना.

आता जरा वादाचं. बहिणाबाईंचीच दुसरी ओळ, "धरित्रीच्या कुशीमधी बीयबियानं निजली, वऱ्हे पसरली माटी, जशी शाल पांघरली." बियाणं निजलं, म्हणजे निर्जीव वस्तू माणसासारखी वागली, चेतनगुणोक्ती, ह्यात काही वाद नाही. पण "जशी शाल पांघरली"? तक्त्याप्रमाणे जशी आहे म्हणजे उपमा. मला विचाराल तर ही उत्प्रेक्षेकडे झुकते. कारण माती शालीसारखी आहे असं त्या म्हणत नाहीयेत, दोन वस्तूंची तुलना चाललेलीच नाही, माती पसरण्याच्या क्रियेवर पांघरूण घालण्याची कल्पना केलीय, जणू कुणी निजलेल्या लेकराच्या अंगावर शाल टाकली. परीक्षेत आलं तर काय लिहायचं असं भाची विचारत होती, तर परीक्षेत ॲन्सर-की म्हणेल ते. मी कविता सांगू शकतो, ॲन्सर-की नाही.

मधल्या मध्ये ते लोढणं राहिलं. आपण सहज म्हणतो ना, कर्जाचं लोढणं गळ्यात आलं. म्हणणाऱ्यातल्या शंभरातल्या नव्वद जणांनी खरं लोढणं बघितलेलं नसतं. हेही एकेकाळी कुणीतरी पहिल्यांदा बोललेलं जिवंत रूपक असणार, मग वापरून वापरून गुळगुळीत झालं आणि आता नुसता शब्दाचा अर्थ म्हणून चालतं. आपली अर्धी भाषा असल्या गुळगुळीत रूपकांवर उभी आहे, पोटात कावळे ओरडतात, नांगी टाकली, कुणाच्या तोंडाला पानं पुसली. ह्याला शास्त्रात लक्षणा म्हणतात, म्हणजे शब्दाचा सरळ अर्थ जमत नाही म्हणून त्याच्या शेजारचा अर्थ घ्यावा लागतो, आणि जी रूढीने पक्की झाली ती रूढ लक्षणा. संस्कृतातलं ठरलेलं उदाहरण आहे गंगेत गवळीवाडा, आता नदीच्या पाण्यात वाडा कसा असेल, म्हणून गंगेच्या काठावर असं घ्यायचं. पण मग काठावर असंच का नाही म्हणलं? कारण गंगेत म्हटल्यावर तो गारवा आणि ते पावित्र्य पण आलं सोबत. काठ म्हटल्यावर नुसता काठ येतो. हे जे सोबत आलं ना, न सांगता, ती व्यंजना.

व्यंजनेवर तर नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनाने आख्खा ग्रंथच लिहिला, की कवितेचा जीव अलंकारात नसून ह्या न बोललेल्या अर्थात आहे, त्याला त्याने ध्वनी म्हटलं. जुन्या ग्रंथांत ह्याचं एक फार सोपं उदाहरण येतं, सूर्य मावळला. वाक्य एवढंच. गुराख्याला त्याचा अर्थ लागतो गुरं घराकडे वळवा. संध्या करणाऱ्याला लागतो संध्येची वेळ झाली. भेटायला निघालेल्या बाईला अजून तिसराच. आपल्या घरात बघा, पाहुणे गप्पांत रंगलेत आणि आजोबा नुसतं म्हणतात, "अरे, साडेदहा झाले वाटतं." घड्याळाची माहिती दिली का त्यांनी? शब्द तेच, अर्थ घेणाऱ्यावर. आमच्याकडे एक काका असे आहेत की ज्यांना व्यंजना कळतच नाही, ते म्हणतात "हो ना, बरोब्बर साडेदहा" आणि अजून एक चहा मागतात.

व्याजस्तुती पण घरात फुकट शिकायला मिळते. लग्नाला उशिरा पोचा आणि आत्या म्हणेल, "या या, किती वेळेवर आलात!" वरून स्तुती आतून निंदा. एवढं पुरे.

शब्दालंकाराबद्दल जास्त लिहीत नाही, अनुप्रास आणि यमक कानालाच कळतात. फक्त एक टेस्ट सांगतो जी मला स्वतःला फार उपयोगी पडली. ओळीतला शब्द काढून त्याच अर्थाचा दुसरा शब्द घाला. गंमत मेली तर शब्दालंकार, शाबूत राहिली तर अर्थालंकार. मुखाला चंद्र म्हणा नाहीतर शशी म्हणा, रूपक तसंच राहतं. पण "हे मेघा, तू सर्वांना जीवन देतोस" ह्यात जीवनच्या जागी पाणी घालून बघा, श्लेष ठार. कारण जीवन म्हणजे पाणी पण आणि आयुष्य पण, ती दुहेरी चाल त्या एका शब्दातच होती. श्लेषाचा बादशहा म्हणजे ती जुन्या आख्यानातली दमयंती, नळाच्या विरहाने बेशुद्ध पडलेली, शुद्धीवर येऊन म्हणते "औषध नलगे मजला." आई ऐकते, औषध न लगे, नको औषध, बरं वाटतंय वाटतं पोरीला, आणि खूश होते. पोरगी म्हणतेय, औषध नल गे मजला, अगं माझं औषध नळ आहे. एकच वाक्य, दोन ठिकाणी तोडलं, आणि आई-मुलीतलं अख्खं अंतर त्यात आलं. बाकी कुठल्याही भाषेत हे जसंच्या तसं नेऊन दाखवा, जमणार नाही.

वृत्तांचं तर विचारूच नका, यमाताराजभानसलगं म्हणत बोटं मोजायची, आणि शार्दूलविक्रीडित म्हटलं की एकोणीस अक्षरं एवढंच बऱ्याच जणांना आयुष्यभर आठवतं. माझं म्हणणं, आधी मोठ्याने चालीवर म्हणा, मग गण पाडा, म्हणजे तीन-तीन अक्षरांचे लघु-गुरू गट. "सुसंगति सदा घडो" नुसतं म्हणून बघितलं तरी पृथ्वी वृत्ताची चाल जिभेला कळते. आणि ओवीला तर गण लागतच नाहीत, वढाय वढाय, मोकाट मोकाट, पाखरू पाखरू, बहुतेक कडव्यांत तो शब्द दोनदा का येतो हे जात्याचा खुंटा धरून एकदा फिरवलं की समजतं.

एक गोष्ट मात्र भाचीला ऐकून बरं वाटलं. ती म्हणत होती की मामा हे अलंकार संपतच नाहीत, भ्रांतिमान काय ससंदेह काय असंगती काय. तर नाट्यशास्त्रात भरतमुनींनी फक्त चार दिले होते, उपमा, रूपक, दीपक, यमक. मग भामह, दंडी, मम्मट एकेक पंडित वाढवत गेले आणि अप्पय्य दीक्षितांच्या कुवलयानंदापर्यंत आकडा शंभराच्या पार गेला. त्यातले बहुतेक त्याच उपमेय-उपमानाच्या भानगडीचे पोटप्रकार आहेत. साहेब आहेत का वाघ, कळेना, हा ससंदेह. खरंच वाघ समजून नवीन शिपाई पळाला, हा भ्रांतिमान. तक्त्यात नवीन खण पाडायची गरज नाही.

आता आमचं अडलंय ते एका ठिकाणी. त्याच कवितेच्या शेवटी बहिणाबाई देवालाच विचारतात, "देवा, आसं कसं मन, आसं कसं रे घडलं, कुठे जागेपनी तुले असं सपन पडलं." मी म्हणतो विरोधाभास, कारण जागेपणी स्वप्न पडत नसतं, आणि तरी विचार केला तर त्याला अर्थ आहे. भाची म्हणते, मामा, विरोधाभास वरवरचा झाला, मुळात ती मनाला देवाचं स्वप्न म्हणतेय, म्हणजे रूपक, आणि उपमेयाचं पुढे काय झालं ते बघायला तुम्हीच शिकवलंत. आता ह्यावर मला चटकन उत्तर सुचलं नाही. एकाच ओळीत दोन अलंकार असू शकतात, शास्त्रात त्याला संकर नि संसृष्टी अशी नावं आहेत, म्हणून सुटका करून घेता येते, पण ती म्हणते चार पर्यायांत दोन्ही दिले तर गोल कुठला काळा करू? तुमच्यात कुणी मराठीचे शिक्षक असाल तर खाली सांगा. नुसतं उत्तर नको, कारणासकट.